पंचवीस सेंटांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती

१९५२ साली न्यूयॉर्कच्या लायन बुक्स या प्रकाशनसंस्थेने आपल्या मालिकेतलं ९९ क्रमांकाचं पुस्तक बाजारात आणलं. किंमत २५ सेंट. आकार कोटाच्या खिशात मावेल एवढा, कागद वर्तमानपत्राच्या जातकुळीचा, पानं शिवलेली नाहीत, नुसती कण्याला चिकटवलेली. अशी पुस्तकं पुस्तकांच्या दुकानात कमी आणि औषधांच्या दुकानांत, सिगारेटच्या ठेल्यांवर, बस आणि रेल्वेच्या स्थानकांवर जास्त विकली जात. पुस्तकाचं नाव 'द किलर इनसाइड मी', लेखक जिम थॉम्प्सन. टेक्सासमधल्या एका लहान गावात सगळ्यांशी गोड बोलणारा डेप्युटी शेरीफ लू फोर्ड हाच थंड डोक्याचा खुनी आहे आणि ही सगळी कहाणी तो स्वतःच्या तोंडाने सांगतो.

त्याआधी ही कादंबरी हार्डकव्हरमध्ये निघालेली नव्हती. कुणा प्रतिष्ठित प्रकाशकाने ती छापली आणि मग तिची स्वस्त प्रत आली, असं काही घडलं नाही. रंगीत मुखपृष्ठाची ती २५ सेंटांची प्रत हीच या कादंबरीची पहिली आवृत्ती. थॉम्प्सन १९७७ साली वारला तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात त्याचं एकही पुस्तक छापील बाजारात उपलब्ध नव्हतं. १९८०च्या दशकात बॅरी गिफर्डच्या 'ब्लॅक लिझर्ड' मालिकेने त्याच्या कादंबऱ्या पुन्हा छापायला सुरुवात केली. १९९७ साली 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या संस्थेने १९५०च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेकथांचा खंड काढला आणि 'द किलर इनसाइड मी' त्यात घेतली. मेल्व्हिल, मार्क ट्वेन आणि हेन्री जेम्स ज्या मालिकेत छापले जातात, तीच ही मालिका.

मधल्या काळात ही कादंबरी टिकली ती जुन्या, पिवळ्या पडलेल्या स्वस्त प्रतींत. म्हणूनच जुन्या गुन्हेकथांच्या पेपरबॅकमधली पहिली छपाई ओळखण्याच्या कामाकडे संग्राहकांची हौस म्हणून पाहणं चुकीचं आहे. कोणता मजकूर कधी, कुणी, कोणत्या रूपात वाचकांपुढे ठेवला, याचा तो पुरावा आहे. हा पुरावा नीट नोंदवून ठेवण्याची जबाबदारी प्रकाशक, विक्रेते आणि ग्रंथालयं या तिघांचीही आहे, आणि आज तिघंही ती अपुरी पार पाडतात.

सुरुवात एका साध्या फरकापासून करावी लागते. पेपरबॅक दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात आधी हार्डकव्हर निघतं, मग त्याची स्वस्त प्रत येते. दुसऱ्या प्रकारात पेपरबॅक हेच मूळ पुस्तक असतं.

पहिल्या प्रकाराचा पाया इंग्लंडमध्ये ॲलन लेनने घातला. ३० जुलै १९३५ रोजी पेंग्विनची पहिली दहा पुस्तकं निघाली. प्रत्येकाची किंमत सहा पेन्स, आणि रंगावरून विषय कळावा अशी योजना: नारिंगी पट्टे कथा-कादंबऱ्यांना, हिरवे गुन्हेकथांना. त्या दहांत दोन हिरवी पुस्तकं होती, डोरोथी सेयर्सचं 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब' आणि अगाथा ख्रिस्तीचं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'. हर्क्युल प्वारोची ही पहिली कादंबरी जॉन लेनने आधी अमेरिकेत १९२० साली आणि मग इंग्लंडमध्ये १९२१ साली प्रसिद्ध केली होती. त्यामुळे १९३५ची हिरवी प्रत कितीही दुर्मीळ असली तरी ती कादंबरीची पहिली आवृत्ती ठरत नाही. ती पेंग्विनमधली पहिली छपाई. जाणकार विक्रेता हे दोन शब्दप्रयोग कधी एकमेकांत मिसळत नाही, आणि ज्याला ते मिसळायचे आहेत त्याच्याकडून खरेदी करताना ग्राहकाने सावध राहावं.

अमेरिकेत १९३९ साली रॉबर्ट डी ग्राफने 'पॉकेट बुक्स' सुरू केलं. किंमत २५ सेंट, बोधचिन्ह गरट्रूड नावाची कांगारू. पहिल्या दहांत ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होतंच. पुढे मिकी स्पिलेनच्या 'आय, द ज्युरी'ने या धंद्याचं बळ दाखवून दिलं. १९४७ साली डटनने काढलेली तिची हार्डकव्हर आवृत्ती माफक खपली. १९४८च्या डिसेंबरात सिग्नेटने ६९९ क्रमांकाने तिचा पेपरबॅक काढला आणि खप लाखांवर गेला. स्पिलेनचा वाचक घडला तो सिग्नेटच्या प्रतींवर, पण पहिली आवृत्ती मात्र डटनची.

दुसरा प्रकार जन्माला आला तो एका करारातल्या अटीमुळे. मासिकं काढणारी आणि वितरण करणारी फॉसेट ही कंपनी सिग्नेटच्या पुस्तकांचं वितरण करत होती. तिने स्वतः दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या स्वस्त प्रती काढू नयेत, असं त्या करारात होतं. नवी पुस्तकं काढायला मात्र मनाई नव्हती. मग १९५०च्या सुमारास फॉसेटने 'गोल्ड मेडल' ही मालिका काढली आणि लेखकांकडून थेट पेपरबॅकसाठीच कादंबऱ्या लिहून घ्यायला सुरुवात केली. जॉन डी. मॅकडोनाल्ड, डेव्हिड गुडिस, चार्ल्स विल्यम्स, गिल ब्रुअर, डे कीन अशी नावं तिथून पुढे आली. लेखकांना मोबदला मिळे तो विकलेल्या प्रतींवर नव्हे, छापलेल्या प्रतींवर. पुन्हा छपाई झाली की पुन्हा पैसे. त्यामुळे या पुस्तकांवरची छपाईची नोंद ही त्या लेखकांच्या कमाईचीही नोंद आहे. एखाद्या कादंबरीच्या चार वर्षांत पाच छपाया झाल्या, याचा अर्थ तिच्या लेखकाने घरभाडं भरलं, आणि पुढची कादंबरी लिहिली.

आता एक प्रत प्रत्यक्ष हातात घेऊन पाहू. मॅकडोनाल्डची 'द डीप ब्लू गुड-बाय' ही ट्रॅव्हिस मॅक्गी या नायकाची पहिली कादंबरी, गोल्ड मेडलने १९६४ साली काढलेली. पहिल्या छपाईच्या मुखपृष्ठावर के १४०५ हा क्रमांक आणि ४० सेंट ही किंमत आहे. क्रमांकाआधीचं अक्षर शोभेसाठी नाही. गोल्ड मेडलच्या पद्धतीत ते अक्षर किंमत सांगे: 'के' म्हणजे ४० सेंट, 'डी' म्हणजे ५०. त्यामुळे हीच कादंबरी 'डी' अक्षराची किंवा वरच्या किमतीची मिळाली, तर आतल्या पानावर १९६४ साल असलं तरी ती नंतरची छपाई आहे, हे मुखपृष्ठावरूनच कळतं.

इथेच बहुतेकांची फसगत होते. कॉपीराइटचं साल आणि छपाईचं साल या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलं साल कायद्यासाठी असतं आणि पुढच्या प्रत्येक छपाईत जसंच्या तसं राहतं. १९६४चं कॉपीराइट असलेली प्रत १९७४ साली छापलेली असू शकते. विक्रेत्याने ते साल पाहून 'पहिली आवृत्ती' असं लिहिलं की ग्राहकाच्या खिशाला चाट बसते आणि पुस्तकाच्या इतिहासात खोटी नोंद शिरते.

प्रत उलटून मागची पानं पाहावीत. त्या काळी शेवटच्या पानांवर त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती असत, सोबत टपालाने मागवण्याचा फॉर्म. मॅक्गीच्या कादंबऱ्यांची नावं रंगांवरून ठेवलेली होती, म्हणजे कोणती वाचली आणि कोणती राहिली हे वाचकाच्या लक्षात राहावं. १९६४ या एका वर्षात त्यातल्या चार निघाल्या: निळी, गुलाबी, जांभळी आणि लाल. 'डार्कर दॅन अंबर' आली १९६६ साली. 'द डीप ब्लू गुड-बाय'च्या प्रतीत मागच्या पानावर 'डार्कर दॅन अंबर'चं नाव असेल, तर ती प्रत १९६४ची असणं शक्यच नाही. या तपासाला कसलंही खास ज्ञान लागत नाही. लेखकाच्या पुस्तकांची कालानुक्रमे यादी आणि थोडा सावधपणा एवढं पुरतं.

कॉपीराइटचं पान म्हणजे पुस्तकाचा सातबारा. काही प्रकाशक तो चोख ठेवत. पॉकेट बुक्सच्या जुन्या प्रतींत छपायांची महिन्या-सालासकट यादी मिळते. पेंग्विनच्या प्रतींत मूळ प्रकाशनाचं साल, पेंग्विनमध्ये आल्याचं साल आणि पुनर्मुद्रणांची सालं क्रमाने दिलेली असतात. यादी जिथे थांबते ती तुमच्या हातातली छपाई. इतर कित्येक ठिकाणी नोंद अर्धवट असते किंवा नसतेच. तिथे क्रमांक, किंमत, मागच्या जाहिराती, प्रकाशकाचा पत्ता, बोधचिन्हाचं त्या काळातलं रूप असे धागे जुळवावे लागतात. पुढे पेपरबॅकांत दहापासून एकपर्यंत उतरत्या आकड्यांची ओळ छापायची पद्धत रुळली. प्रत्येक नव्या छपाईत एक आकडा काढायचा, उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे ती छपाई. १९५२च्या प्रतीत ही ओळ शोधून उपयोग नाही, आणि ती नाही म्हणून प्रत पहिलीच असाही निष्कर्ष निघत नाही.

डेल या प्रकाशकाच्या १९४०च्या दशकातल्या प्रती तर पाहताक्षणी ओळखू येतात. मुखपृष्ठावर कुलपाच्या भोकातून डोकावणारा डोळा, आणि मलपृष्ठावर गुन्ह्याच्या जागेचा रंगीत नकाशा. कुठे अख्खं शहर, कुठे एखाद्या वाड्याच्या खोल्या, प्रेत सापडलं ती जागा खुणेसह. हे नकाशे पुढे खर्चापायी बंद झाले. संग्राहक या प्रतींच्या मागे असतात ते योग्यच आहे, कारण नकाशा कादंबरीच्या मूळ हार्डकव्हरात नव्हता आणि नंतरच्या प्रतींतही तो क्वचितच आढळतो. पण नकाशावाली प्रत म्हणजे पहिली आवृत्ती, असा जो समज पसरला आहे तो बरोबर नाही. डॅशिएल हॅमेटचा 'द कॉन्टिनेंटल ऑप' हा कथासंग्रह पाहा. एलरी क्वीनने संपादित केलेला हा संग्रह प्रथम १९४५ साली 'बेस्टसेलर मिस्टरी' या मासिकाच्या आकाराच्या स्वस्त मालिकेत निघाला. डेलची प्रत त्यानंतरची. रेमंड चँडलरच्या 'फाइव्ह मर्डरर्स'चंही तसंच. मासिकांत विखुरलेल्या त्याच्या कथा प्रथम पुस्तकरूपात आल्या त्या १९४४ साली, एव्हॉनच्या 'मर्डर मिस्टरी मंथली'च्या १९व्या अंकात. दिसायला ती मासिकाची प्रत, म्हणून ग्रंथसंग्रहातून ती सहज निसटते. पण चँडलरच्या अभ्यासकाला ती टाळता येत नाही.

नावबदलाने घोटाळा आणखी वाढतो.

डेव्हिड गुडिसची 'डाउन देअर' १९५६ साली गोल्ड मेडलने काढली. फ्रान्स्वा त्रुफोने तिच्यावर १९६० साली चित्रपट केला, आणि पुढे कादंबरीच चित्रपटाच्या 'शूट द पियानो प्लेअर' या नावाने छापली जाऊ लागली. इयान फ्लेमिंगची 'कॅसिनो रॉयल' इंग्लंडमध्ये १९५३ साली निघाली. १९५५ साली अमेरिकेतल्या पॉप्युलर लायब्ररीने तिचा पेपरबॅक काढताना नाव ठेवलं 'यू आस्क्ड फॉर इट'. जेम्स बाँडचा हा पहिलाच अमेरिकन पेपरबॅक, पण नावावरून तो ओळखू येत नाही. चेस्टर हाइम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची हार्लेमवरची पहिली पोलिसी कादंबरी १९५७ साली गोल्ड मेडलने 'फॉर लव्ह ऑफ इमाबेल' या नावाने छापली. फ्रेंच अनुवादाला १९५८ साली फ्रान्समधला गुन्हेकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढे ती 'अ रेज इन हार्लेम' या नावाने प्रसिद्धी पावली. त्याच हाइम्सच्या 'द रिअल कूल किलर्स'चा क्रम उलटा आहे. ती आधी १९५८ साली फ्रेंचमध्ये आली आणि १९५९ साली एव्हॉनने तिचा इंग्रजी पेपरबॅक काढला. म्हणजे इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीचं पहिलं प्रकाशन परभाषेत. अमेरिकेत ज्या लेखकाला दारं बंद होती त्याला पॅरिसने वाचक दिले, हा साहित्याच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रसंग या दोन प्रतींच्या सालांत नोंदला गेला आहे.

टोपणनावांची आणि अनपेक्षित प्रकाशकांचीही हीच कथा. १९५३ साली एस बुक्सने डी-१५ क्रमांकाचं जोडपुस्तक काढलं. एका बाजूने वाचलं तर मॉरिस हेल्ब्रँट या अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याचं 'नार्कोटिक एजंट', उलटं करून दुसऱ्या बाजूने वाचलं तर विल्यम ली नावाच्या लेखकाचं 'जंकी'. हा ली म्हणजे विल्यम बरोज, आणि हे त्याचं पहिलं प्रकाशित पुस्तक. बेलफास्टहून कॅनडात गेलेल्या ब्रायन मूरची पहिली कादंबरी 'रेथ फॉर अ रेडहेड' १९५१ साली हार्लेक्विनने पेपरबॅक म्हणून काढली. आज हार्लेक्विन म्हटलं की प्रेमकथा आठवतात, पण सुरुवातीच्या वर्षांत ती संस्था गुन्हेकथाही छापत होती. हाच मूर पुढे तीन वेळा बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आला. ज्या ग्रंथालयाने ही पुस्तकं 'टाकाऊ' म्हणून काढून टाकली, त्याने नकळत दोन मोठ्या लेखकांची पहिली पुस्तकं काढून टाकली.

कुणी म्हणेल, मजकूर महत्त्वाचा, तो कोणत्याही प्रतीत वाचला तरी काय बिघडलं? याचं उत्तर भारतीय वाचकाच्या ओळखीच्या एका लेखकाकडे आहे. जेम्स हॅडली चेस. मुंबईच्या फोर्टमधल्या फुटपाथवर, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, रेल्वे स्थानकांच्या स्टॉलवर चेसची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली. त्याची 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' १९३९ साली इंग्लंडमध्ये जॅरल्ड्सने काढली. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली 'रॅफल्स अँड मिस ब्लँडिश' हा गाजलेला निबंध लिहिला तो या कादंबरीतल्या क्रौर्यावर आणि सत्तेच्या पूजेवर. पण १९६१च्या सुमारास चेसने ही कादंबरी मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहून काढली. १९३९चं जग नव्या वाचकांना परकं वाटेल, असं त्याला वाटत होतं. पुढच्या पेपरबॅकांत हाच सुधारलेला मजकूर चालला. ऑर्वेलचा निबंध वाचून जो वाचक फुटपाथवरची सत्तरीतली प्रत उघडतो, तो ऑर्वेलने वाचलेलं पुस्तक वाचत नसतो. दोघांच्या हातात एकाच नावाची दोन पुस्तकं आहेत. हे कळायचं असेल तर प्रत कोणत्या छपाईची हे आधी कळायला हवं.

पहिली छपाई नेहमीच सर्वांत शुद्ध असते, असा याचा अर्थ नाही. 'जंकी'च्या १९५३च्या प्रतीत प्रकाशकाने कात्री चालवली होती. गाळलेला भाग वाचकांना मिळाला तो १९७७च्या आवृत्तीत. अनेक स्वस्त मालिकांत कादंबऱ्या कापून छापल्या जात, म्हणून तर त्या काळच्या मुखपृष्ठांवर 'संपूर्ण, न कापलेली' अशी हमी ठळकपणे छापावी लागे. पहिल्या प्रतीचं मोल ती पवित्र आहे म्हणून नाही. नंतर काय कापलं, काय जोडलं, कुणी बदललं हे मोजायला ती लागते.

या प्रती आज इतक्या कमी का उरल्या, याची कारणंही नीट समजून घ्यावी लागतात. कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लधर्मी, त्यामुळे कडा तपकिरी होतात आणि पान दुमडलं की तुटतं. कण्यावरचा डिंक वाळला की पानं सुटी होतात. मुखपृष्ठावरचा पातळ चकचकीत पापुद्रा सुटून येतो. त्यात व्यापाराची रीत अशी की न विकलेल्या प्रतींचे पैसे परत मिळवायला दुकानदाराने अख्खं पुस्तक नव्हे, फक्त फाडलेलं मुखपृष्ठ परत पाठवायचं, बाकीचं पुस्तक रद्दीत. या रीतीने किती पहिल्या छपाया लगद्यात गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. प्रतिष्ठितांचा रोषही होताच. १९५२ साली, म्हणजे लायनने थॉम्प्सनची कादंबरी काढली त्याच वर्षी, अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने अश्लील साहित्याच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि पेपरबॅकांची मुखपृष्ठं तिच्यापुढे आरोपी म्हणून उभी राहिली. अशा वातावरणात सार्वजनिक ग्रंथालय ही पुस्तकं कशाला जपेल? ती जपली ती सामान्य वाचकांनी आणि हौशी संग्राहकांनी. १९८०च्या दशकात पीट श्रूडर्स, जेफ्री ओ'ब्रायन, केनेथ डेव्हिस, विल्यम लायल्स यांनी पेपरबॅकच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली. अशा हौशी संग्रहांशिवाय तो इतिहास लिहिणं कठीण होतं.

यावर दोन आक्षेप ठामपणे घेतले जातात.

पहिला असा की 'पहिली आवृत्ती'चा आग्रह हा शेवटी पैशांचा खेळ आहे. बाजार आहे, हे खरं. तिथे एकेका घडीमुळे किंमत घसरते आणि कण्यावरच्या सुरकुत्यांवरून घासाघीस होते. पण बाजारातल्या अतिरेकासाठी ओळख पटवण्याचं शास्त्रच नाकारणं योग्य नाही. उलट, नोंदी जेवढ्या स्पष्ट तेवढी फसवणूक कमी. ज्याला वाचायचंच आहे त्याने आठवी छपाई खुशाल घ्यावी, ती स्वस्त मिळेल आणि वाचायला तितकीच चांगली. फक्त ती आठवी आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

दुसरा आक्षेप डिजिटल काळाचा: आता सगळं स्कॅन होतं, कागद कशाला जपायचा? स्कॅन होते ती जी प्रत हाताला लागते ती. बहुतेकदा नंतरची, कधी मुखपृष्ठाविना, कधी जाहिरातींची पानं गाळून. मलपृष्ठावरचा नकाशा, मागचा फॉर्म, किमतीचं अक्षर हेच तर तारखेचे पुरावे. ते गाळून मजकूर तेवढा जतन केला की पुस्तक उरतं आणि त्याची साक्ष जाते. स्कॅन करणाऱ्यांनी कोणत्या छपाईचं स्कॅन आहे हे सुरुवातीलाच लिहावं, हा नियम करणं अजिबात अवघड नाही.

मराठी वाचकासाठी हा प्रश्न परक्या देशातला राहत नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रं घराघरांत पोहोचली. गुरुनाथ नाईकांनीही तशीच विपुल निर्मिती केली. सुहास शिरवळकरांची सुरुवातही रहस्यकथांतूनच झाली. ही पुस्तकं विकत घेऊन जपली गेली त्यापेक्षा वाचनालयांतून भाड्याने फिरली, हातोहात झिजली. आपल्या वाचनालयांत पुस्तक फाटायला लागलं की त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करायची पद्धत आहे. त्यात मूळ मुखपृष्ठ बहुधा काढून टाकलं जातं, कडा कापल्या जातात, आणि कित्येकदा मागच्या जाहिरातींची पानंही जातात. पुस्तक आणखी दहा वर्षं फिरावं म्हणून केलेली ही सोय तारीख ठरवण्याचे सगळे धागे तोडून टाकते. कोणती झुंजारकथा कोणत्या साली आली, तिचं नाव पुढे बदललं का, नंतरच्या प्रकाशकाने मजकुरात हात घातला का, हे ज्या पानांवरून कळलं असतं तीच पानं पुठ्ठ्याखाली किंवा कात्रीखाली गेली.

आपल्याकडे परंपरा नाही असं नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या चिकाटीने उभी केली. अनेक भाषांना हेवा वाटावा असं ते काम आहे. कायदाही आहे. १९५४च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यात मुंबईतलं एक आहे. पण खिशात मावणारं, स्वस्तातलं, करमणुकीचं पुस्तक या वाटेने जायला हवं हे किती जणांनी मनावर घेतलं? अमेरिकेत लायन आणि गोल्ड मेडलच्या पुस्तकांबाबत जी बेपर्वाई झाली, तिची भरपाई तिथल्या संग्राहकांनी तीस-चाळीस वर्षांत बरीचशी केली. आपल्याकडे तशी भरपाई करायची वेळ अजून गेलेली नाही. घराघरांतल्या माळ्यांवर, बंद पडलेल्या वाचनालयांच्या कपाटांत या प्रती आजही आहेत, आणि रद्दीच्या भावाने जात आहेत.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. जुन्या रहस्यकथा पुन्हा छापणाऱ्या प्रकाशकांनी कॉपीराइटच्या पानावर चार ओळी जास्त द्याव्यात: पहिल्या छपाईचं साल आणि प्रकाशक, मूळ नाव वेगळं असल्यास ते, कोणत्या प्रतीवरून मजकूर घेतला, आणि त्यात काय बदललं. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी, विशेषतः इंटरनेटवर विकणाऱ्यांनी, नुसतं 'पहिली आवृत्ती' न लिहिता मुखपृष्ठ, कॉपीराइटचं पान आणि शेवटचं पान अशी तीन छायाचित्रं लावावीत. मुखपृष्ठावरचा क्रमांक आणि किंमतही नोंदवावी. ग्रंथालयांनी बांधणीला पुस्तक देण्याआधी मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ काढून पाकिटात ठेवावं, त्यावर दाखल क्रमांक लिहावा, आणि प्रत्येक रहस्यकथेची निदान एक प्रत न बांधता, न कापता बाजूला ठेवावी. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अर्नाळकर आणि नाईकांच्या पुस्तकांची छपाईनिहाय सूची हा प्रबंधाचा विषय म्हणून मान्य करावा. त्यासाठी लागणाऱ्या कित्येक प्रती या वर्षीच्या रद्दीत आहेत, म्हणून सूचीचं काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.